वाशिष्ठीलाही सुनावणी हवी

अमेरिकेच्या मेन राज्यात मी राहतो त्या गावाजवळ नदीवर एक छोटा जलविद्युत प्रकल्प आहे. त्याच्या परवान्याची मुदत संपत आली असून नूतनीकरणाच्या एका सुनावणीला मी नुकताच जाऊन आलो. तिथल्या १९२० च्या कायद्याने खासगी प्रकल्पांना जास्तीत जास्त ५० वर्षांचा परवाना मिळतो, तो संपण्याच्या किमान ५ वर्षे आधी मालकाला आपला इरादा कळवावा लागतो, आणि १९८६ च्या दुरुस्तीपासून परवाने देणाऱ्या केंद्रीय आयोगाला विजेइतकाच विचार मासे, वन्यजीव आणि नदीकाठच्या वापराचाही करावा लागतो.

सुनावणीत एक वयस्कर बाई एलवाइफ या माशाविषयी बोलल्या. हा मासा मे महिन्यात अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढतो आणि धरणाच्या भिंतीशी येऊन अडतो. ते ऐकताना मला वलगण आठवली. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात गढूळ पऱ्ह्यातून उलटे चढणारे, अंड्यांनी फुगलेले मासे पाहायला वडील मला बॅटरी घेऊन न्यायचे. मेनमध्येच केनेबेक नदीवरील १८३७ सालच्या एडवर्ड्स धरणाला आयोगाने १९९७ मध्ये नूतनीकरण नाकारले. अवघ्या साडेतीन मेगावॅटसाठी नदी अडवून ठेवणे त्याला रास्त वाटले नाही, आणि १९९९ मध्ये ते धरण पाडले गेले.

मी चिपळूणचा. कोयना धरणाचे पाणी पोफळीच्या वीजघरात वीज करून वाशिष्ठीत उतरते आणि या अवजलावर आमची नदी मे महिन्यातही वाहती राहते, हे उपकार मी विसरत नाही. पण २२ जुलै २०२१ च्या पुराने आमच्या घराच्या भिंतीवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ ओढली. तेव्हापासून अवजल, गाळ, अतिवृष्टी आणि भरती यांपैकी दोष कोणाचा हा वाद गावात चालू आहे, आणि तो उपोषणे, निवेदने व मंत्र्यांच्या दौऱ्यांवर अवलंबून आहे. ठरलेल्या वर्षी, ठरलेल्या पद्धतीने, कागदपत्रे समोर ठेवून तो मांडण्याची जागा आमच्याकडे नाही. २००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीला परवानाच लागत नाही, आणि २५ मेगावॅटखालील जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीतूनही सूट आहे.

अमेरिकेतली पद्धतही निर्दोष नाही. सुनावणीचे कागद हजारो पानांचे असतात, छोट्या मालकाचे कंबरडे मोडते, आणि एकदा चुकीच्या अटी मान्य झाल्या की पुढची संधी नातवंडांना मिळते. तरीही मुदत असणे मला मोलाचे वाटते, कारण ती संपताना प्रकल्पवाल्याला नदीकाठच्या माणसांसमोर पुन्हा उभे राहावे लागते.

महाराष्ट्राच्या २००५ च्या धोरणाने खासगी लघुजलविद्युत प्रकल्पांना ३० वर्षांची मुदत घातली आहे. कोकणात असे करार संपतील तेव्हा ते केवळ दोन सह्यांनी वाढवले जाऊ नयेत. उन्हाळ्यात नदीत किमान किती पाणी सोडायचे, गाळ कोणी काढायचा आणि वलगणीचे मासे चढायला वाट ठेवायची की नाही, हे ग्रामसभेत विचारले जावे. कोयना सरकारी असली तरी तिच्यासाठीही दर काही वर्षांनी अशी सुनावणी चिपळुणातच व्हावी, आणि त्याआधी, याच पावसाळ्यापासून, अवजल सोडण्याच्या वेळा गोवळकोटच्या धक्क्यावर फळ्यावर लिहिल्या जाव्यात.