पेट-स्कॅन स्वच्छ म्हणजे पोट स्वच्छ? नाही!

मागच्या महिन्यात नागपुरात धंतोलीतल्या आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर आर्वीहून आलेल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. आईला ओव्हरीचा कॅन्सर, आणि ग्रुपवर आलेला मेसेज असा: ‘पेट-स्कॅनमध्ये कॅन्सरचा कण अन् कण दिसतो. त्यानंतर एमआरआय किंवा दुर्बीण सांगणारे डॉक्टर लुटतात. दुर्बीण तर घालूच देऊ नका, हवा लागली की कॅन्सर पसरतो.’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, मंग हे काऊन करायचं?’’

कण अन् कण दिसत नाही. पेट-स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ती जास्त ओढणारा भाग उजळतो. पण पोटाच्या आतल्या अस्तरावर कॅन्सर पुष्कळदा रव्यासारखा सांडलेला असतो. 5 मिलिमीटरहून बारीक दाणे सीटीत आणि पेटमध्येही सहज निसटतात. अपेंडिक्सचे, जठराचे चिकट स्राव करणारे काही कॅन्सर साखर फारशी घेतच नाहीत. उलट, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर निरोगी आतडंच झळाळतं.

डिफ्युजन एमआरआय साखर बघत नाही. पेशींची दाटी झाली की तिथे पाण्याची हालचाल अडते, ती तो टिपतो. त्या आईच्या सीटीत मला यकृताच्या वर काही वेगळं दिसलं नव्हतं. एमआरआयच्या काळ्या चित्रात तिथेच पांढऱ्या मण्यांची ओळ होती.

याने काय फरक पडतो? सर्जन पोटाचे 13 भाग मानून, कुठे किती कॅन्सर आहे त्यावरून प्रत्येकाला 0 ते 3 गुण देतात, जास्तीत जास्त 39. सगळा कॅन्सर काढता येईल का, याचा अंदाज त्यावरून बांधतात. लहान आतडं सगळीकडून कॅन्सरने भरलं असेल तर तो काढता येत नाही. हे आधी स्कॅनमध्ये न कळता ऑपरेशनच्या टेबलावर कळलं, तर वरपासून खालपर्यंत उघडलेलं पोट तसंच शिवायचं आणि जखम भरेपर्यंत केमो थांबवायची. माणूस खचतो हो यात.

आता हवेचं. दुर्बीण म्हणजे पोटाला बारीक छिद्र पाडून आत कॅमेरा घालून बघणं. त्या वेळी पोटात हवा नाही, कार्बन डायऑक्साइड भरतात. छिद्राच्या जागी कॅन्सरची गाठ क्वचित होते, म्हणून सर्जन शक्यतो मधल्या रेषेतच छिद्र ठेवतात. मोठ्या ऑपरेशनमध्ये ती जागाही काढता येते. ‘उघडलं आणि पसरला’ असं घरचे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा तो आधीच पसरलेला असतो, स्कॅनला दिसलेला नसतो.

लुटीची शंका मात्र मी उडवून लावत नाही. सगळ्या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत. ‘या रिपोर्टने ऑपरेशनचा निर्णय बदलेल का?’ हे डॉक्टरांना खुशाल विचारा. त्या आईच्या बाबतीत बदलला: आधी तीन केमो, मग ऑपरेशन. दुसरी केमो परवा झाली.