मार्कर खराब म्हणजे केमो फुकट? कुणी सांगितलं?

काल रात्री साडेअकराला मामीचा मेसेज. "हे खरंय का रे? मग ह्यांची केमो कशाला चालू ठेवायची?" खाली तोच फॉरवर्ड, जो मी तीन ग्रुपवर बघून सोडून दिला होता. आता लिहितोच.

फॉरवर्ड म्हणतो, एएमएलमध्ये (झपाट्याने वाढणारा एक ब्लड कॅन्सर) बोन मॅरोच्या रिपोर्टात एफएलटी३ (एका जनुकातला बिघाड, म्हणजे म्युटेशन) हा मार्कर पॉझिटिव्ह आला की केमो लागूच पडत नाही, डॉक्टरांना हे पहिल्या दिवशीच माहीत असतं. अहो, २०१७ ला छापून आलेली रॅटिफाय ट्रायल बघा की. ७१७ पेशंट, सगळे साठीच्या आतले, सगळ्यांना एफएलटी३ म्युटेशन. केमोसोबत मिडोस्टॉरिन (एफएलटी३ला रोखणारं औषध) घेतलेले ४ वर्षांनी ५१.४ टक्के जिवंत, आणि केमो तीच पण औषधाऐवजी डमी गोळी मिळालेले ४४.३ टक्के. बऱ्याच जणांचं मधे स्टेम सेल ट्रान्सप्लांटही झालं, ठीक आहे, पण तिथवर पोचायला आधी केमोने रोग आटोक्यात यावा लागतो ना? मग "लागूच पडत नाही" हे कुठून काढलं? आणि मार्कर आधी कळला म्हणूनच तर ते जास्तीचं औषध देता येतं, मामांना तेच चालू आहे.

टीपी५३ नावाचं जनुक बिघडलेलं असलं तर नेहमीची केमो खरंच कमी चालते, एवढं नाइलाजाने मान्य. तेव्हा डॉक्टर प्लॅन बदलतात. पण ८ आणि २१ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल असलेले पेशंट केमोला छान साथ देतात, ते मात्र ह्या पठ्ठ्याने गिळलं.

"सीडी३४ पॉझिटिव्ह म्हणजे लास्ट स्टेज" हा तर कहर! सीडी३४ म्हणजे पेशीवरचं एक प्रोटीन. अक्यूट ल्युकेमियाला गाठीच्या कॅन्सरसारख्या स्टेज नसतातच, आणि सीडी३४ रक्त बनवणाऱ्या निरोगी स्टेम सेलवर पण असतं, ट्रान्सप्लांटसाठी डोनरच्या पेशी गोळा करताना तेच मोजतात. मग डोनर पण लास्ट स्टेजला का?

पुन्हा पुन्हा मॅरो काढतात ते बिल वाढवायला, म्हणे. मायक्रोस्कोपखाली ब्लास्ट (कच्च्या पेशी) ५ टक्क्यांच्या खाली दिसले तरी रोग लपून राहू शकतो, एमआरडी टेस्ट (उरलासुरला रोग शोधणारी) दहा हजार पेशींत एक उरली असली तरी पकडू शकते. केमो किती लागू पडली ते बरेचदा पहिल्या रिपोर्टपेक्षा इथेच जास्त कळतं.

आणि मॅरो मणक्यातून नाही, कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. दुखतं, हो. मामा दोन्ही वेळा ओरडलेत.

मामीला लिहिलंय, गुरुवारची केमो ठरल्याप्रमाणे, रिपोर्टचं काय ते डॉक्टरांनाच विचारू, मी येतोय सोबत.