बाटल्या विकून ‘नोकरदारापेक्षा जास्त’: त्या मेसेजचा हिशेब

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरून येतो. मजकूर थोडक्यात असा: कचरा वेचणाऱ्या बायका फुकटात मिळालेल्या बाटल्या-कॅन विकून नोकरदारापेक्षा जास्त कमावतात, एक पैसा कर भरत नाहीत, कुठून आल्या त्याचा पत्ता नाही, कचरा विसकटून घाण करतात, आणि गाडी दारात येत असताना त्यांची गरजच काय? खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही.

आधी कमाई. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली साधारण वीस ग्रॅम भरते. म्हणजे किलोला पन्नास बाटल्या. भंगारवाल्याचा भाव सतत खालीवर होतो. हिशेबापुरता किलोला पंचवीस रुपये धरू. बाटलीमागे आठ आणे पडले. दिवसाला पाचशे रुपये सुटायला हजार बाटल्या हव्यात, आणि त्याही दुसऱ्या कुणी उचलायच्या आत. ॲल्युमिनियमच्या कॅनला भाव बरा मिळतो, पण किलो भरायला सत्तरेक कॅन लागतात. पार्टीचा दुसरा दिवस सोडला तर एका इमारतीत तेवढे निघतात कुठे?

आणि नुसतं उचलून भागत नाही. टोपण काढायचं, तळाशी उरलेलं पाणी ओतायचं, वेष्टण ओरबाडायचं, मग बाटली पायाखाली चेपायची. नाहीतर अर्धं पोतं हवेनेच भरतं. टोपणाचं प्लास्टिक बाटलीच्या प्लास्टिकपेक्षा वेगळं, त्याचा ढीग वेगळा. पांढऱ्या बाटल्यांत हिरवी मिसळली की भाव पडतो, तेलाची चिकट बाटली आली की आणखी पडतो. बिअरची बाटली सबंध असेल तर नगावर जाते, फुटली की नुसती काच, किलोवर. चिप्सच्या चकचकीत पाकिटाला तर कुणी हात लावत नाही. ही सगळी निवड वेचून झाल्यावर, खाली बसून करायची. तिची मजुरी कुणी देत नाही. त्याला ‘फुकटात मिळालेलं’ म्हणायचं असेल तर म्हणा. पण बाटली तुम्ही टाकून दिली होती, एवढं लक्षात ठेवा.

कराचं म्हणाल तर 2025-26 पासून नव्या करप्रणालीत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नोकरदारालाही आयकर लागत नाही. साबण-बिस्किटांवरचा जीएसटी ती बाई तुमच्याइतकाच भरते. शिवाय ऑक्टोबर 2021 मध्ये प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. हा वाढीव भार व्यापारी स्वतःच्या खिशातून सोसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा भंगाराच्या काट्यापाशी उभं राहून भाव ठरताना ऐकावा.

‘कुठून आल्या’ याचं उत्तर पुण्यापुरतं तरी अवघड नाही. या कामातल्या बहुतेक बायका दलित समाजातल्या, त्यांतली बरीच कुटुंबं 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाडा-सोलापूरकडून आलेली. 1993 साली कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढावांच्या पुढाकाराने त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, आणि त्याच दशकात महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. मेसेज लिहिणाऱ्याचा मात्र अजून पत्ता नाही.

घाणीचा मुद्दा अर्धा खरा आहे. उघड्या कचराकुंडीवर पिशव्या फाडल्या जातात, आणि काही वेळा त्या तशाच टाकूनही दिल्या जातात. ते बघायला वाईटच दिसतं. पण पिशवी फाडावी का लागते? कालच्या आमटीत बाटली बुडवून, गाठ मारून आपण ती देतो म्हणून. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, हे 2016 च्या केंद्रीय नियमांनीच सांगितलं, आणि ते काम कचरा करणाऱ्यावर टाकलं, वेचणाऱ्यावर नाही. त्याच पिशवीत फुटलेला काचेचा ग्लास आणि न गुंडाळलेला सॅनिटरी पॅडही असतो. त्यात हात घालणारी बाई हौसेने घालत नाही.

राहिली गाडी. दाबून भरणाऱ्या गाडीत ओलं-सुकं एकत्र चेपलं गेलं की बाटली माखते, पुठ्ठा भिजतो, दोन्हींचा भाव जातो. ज्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, त्याला तर त्यातून काही वेगळं काढण्यात तोटाच, वजन घटतं. वेगळं न काढलेलं जातं कुठे, ते पुण्याच्या कचरा डेपोपाशी राहणाऱ्या फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांना विचारा. पुण्याचा कचरा गावात नको म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं गाड्या अडवल्या.

शिवाय पुण्याच्या मोठ्या भागात दारोदार कचरा घ्यायला येतात त्या याच बायका. त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून हे काम करते. घराघरातून त्यांना दरमहा शुल्क मिळतं, आणि बाटल्या-पुठ्ठा विकून जे येतं ते वरचं. महापालिकेची गाडी ठरलेल्या जागी उभी असते. बायकांनी ढकलगाडीतून आणलेला, विकण्याजोगं काढून उरलेला कचरा ती घेऊन जाते.