गुजराती शिकायचीच, पण मराठी का सोडायची?

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. त्याचा सारांश असा: हिंदी राष्ट्रभाषा आणि गुजराती राज्यभाषा, मग मराठीला जागा कुठे? ‘एक राज्य, एक भाषा’ हे तर बाबासाहेबांचंच म्हणणं. सयाजीराव महाराजांनी स्वतः मराठी असून कारभार गुजरातीत आणला. तीन भाषांत मुलं गोंधळतात. महाराष्ट्राबाहेर मराठी वर्ग चालवणं म्हणजे सरकारी पैशाचा चुराडा. तेव्हा जिथे राहता, तिथलीच भाषा शिका.

हा मेसेज पुढे पाठवणारी माणसं आपलीच आहेत, दांडिया बाजार-रावपुऱ्यात पिढ्यानपिढ्या राहिलेली. म्हणून तर त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण त्यातलं अर्धं मला मान्य आहे. गुजरातमध्ये राहायचं तर गुजराती उत्तम यायला हवी, लिहिता-वाचतासुद्धा. २०२३च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कोणतंही असो, पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली. महाराष्ट्राने मराठीसाठी असाच कायदा २०२० साली केला. दोन्ही मला योग्य वाटतात. पण गुजराती शिका असं सांगणारा कायदा घरची भाषा सोडा असं कुठेही सांगत नाही. मेसेजमधला ‘च’ लिहिणाऱ्याने पदरचा घातला आहे.

‘हिंदी राष्ट्रभाषा’ हा मुद्दा लवकर निकालात निघतो. राज्यघटनेच्या कलम ३४३ने हिंदीला संघराज्याची राजभाषा केलं आहे. राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेची नोंद घटनेत नाही, आणि हिंदी राष्ट्रभाषा जाहीर झाल्याची नोंद सापडत नसल्याचं २०१० साली आपल्याच गुजरात उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. राज्याचं म्हणाल तर १९६०च्या कायद्यापासून गुजरातच्या राजभाषा दोन आहेत, गुजराती आणि हिंदी. म्हणजे ज्या राज्यात बसून हा मेसेज लिहिला गेला, त्या राज्याच्या कारभारालासुद्धा ‘एक राज्य, एक भाषा’ लागू पडत नाही.

बाबासाहेबांचं नाव घेतलं आहे, तर पूर्ण घ्यायला हवं. १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी ‘एक राज्य, एक भाषा’ या तत्त्वाची बाजू मांडली, हे खरं आहे. पण त्याच पुस्तिकेत ते बजावतात की प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा असू नये. ती हिंदी असावी आणि देश हिंदीसाठी तयार होईपर्यंत इंग्रजी. म्हणजे ‘गुजराती राज्यभाषा, म्हणून मराठी बाहेर’ हा निष्कर्ष त्यांच्या नावावर खपवता येत नाही. भाषिक राज्यात बहुसंख्याकांच्या हाती सगळी सत्ता गेली की अल्पसंख्याकांचं काय होणार, ही काळजीही त्यांनी तिथेच मांडली आहे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका तो भाग गाळला.

त्याच वर्षी राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर या तिघांनी भाषा हा एकमेव निकष मानायला नकार दिला. सीमा कशाही आखल्या तरी प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची माणसं उरणारच, हे ओळखून त्यांनी संरक्षणं सुचवली. त्यातूनच १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०क आणि ३५०ख ही कलमं आली. पहिल्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करायचा आहे. दुसऱ्याने त्यावर नजर ठेवायला विशेष अधिकारी नेमला. भाषावार रचना एका भाषेसाठी झाली म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचायला हवा. २०११च्या जनगणनेत गुजरातमध्ये मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ९ लाख लोक होते. ही कलमं आपल्यासारख्यांसाठीच आहेत.

आता सयाजीराव महाराज. या मुद्द्याने मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण इथे आपल्याच गावाचा इतिहास आपल्याविरुद्ध वापरला आहे. महाराजांनी राज्यकारभारात आणि न्यायालयांत गुजराती आणली, ती रयत गुजराती बोलत होती म्हणून. खेड्यातल्या माणसाला आपला निकाल आपल्याला समजावा, एवढा साधा न्याय त्यामागे होता. ज्यांच्या हातात सत्ता त्यांचीच भाषा चालावी, हा हट्ट एका मराठी राजाने सोडला, याचा मला अभिमान आहे. पण मराठी पुसून टाका असं त्यांनी कधीच सांगितलं नाही. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू करून १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू करणाऱ्या याच राजाच्या कारकिर्दीत मराठी साहित्य संमेलन बडोद्यात तीनदा भरलं: १९०९, १९२१ आणि १९३४. १९३१ साली संस्थानाने ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ छापला. इंग्रजी शासकीय संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा हा कोश. एकच भाषा पुरे असं ज्या दरबाराला वाटतं, तो असल्या कामावर पैसा आणि पंडित खर्च करत नाही. कारभाराची भाषा कोणती हा एक प्रश्न, लोकांच्या भाषा जगवायच्या कशा हा दुसरा; महाराजांनी दोन्हींची उत्तरं वेगवेगळी दिली. मेसेजने त्यांची गल्लत केली.

मुलं गोंधळतात, ही भीती जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही चाचण्यांत द्विभाषिक मुलं मागे दिसली होती, पण त्यांत अनेकदा गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थितीतल्या मुलांशी केलेली असे. १९६२ साली पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये सारख्या परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं घेतली, तेव्हा फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं पुढे निघाली. दोन भाषांचा फायदा नेमका किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण दोन भाषांमुळे बुद्धीचं नुकसान होतं, ही समजूत आता टिकत नाही. ‘आई, मला चोपडी मळली नाही’ (म्हणजे पुस्तक मिळालं नाही) म्हणणारं आपलं लेकरू गोंधळलेलं नसतं. त्याच्याकडे दोन भाषांचा साठा असतो आणि तो वेगळा ठेवायला ते वयानुसार शिकतं.

पैशाचं गणित तर शेजारच्या सुरतेत बघा. तिथली महानगरपालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. बालभारती महाराष्ट्रात गुजराती, कन्नड, उर्दू, सिंधी, तेलुगू माध्यमांचीही पुस्तकं छापते. मुंबईतल्या गुजराती शाळेवरचा खर्च आपल्याला योग्य वाटत असेल, तर बडोद्यातल्या मराठी वर्गावरचा खर्च उधळपट्टी कसा ठरतो? युरोपीय संघ २४ भाषांत काम करतो आणि सगळ्या भाषासेवांचा खर्च त्याच्या अर्थसंकल्पाच्या १ टक्क्याहून कमी आहे.

मेसेजमध्ये न आलेली एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. आपले मराठी वर्ग गुजरातीने ओस पाडले नाहीत. मुलांना इंग्रजी माध्यमात घालण्याचा निर्णय आपण पालकांनीच घेतला, आणि गुजराती पालकही तेच करत आहेत. त्या निर्णयामागची काळजी मला समजते. पण इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलालाही मराठी लिहिता-वाचता येऊ शकतं, मंडळाच्या रविवारच्या वर्गात किंवा घरी रोज थोडा वेळ देऊन.

ज्यांना प्राथमिक शाळेत मराठी हवी आहे, त्यांनी एकेकटं विचारून परत येऊ नये. १९४९च्या ऑगस्टमध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवलेला निकष असा आहे की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं एका मातृभाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. म्हणून जूनच्या आधीच दहा घरांनी मिळून लेखी अर्ज करा, त्याला मुलांची यादी जोडा आणि पोच घ्या. अर्ज गुजरातीत लिहिलात तर उत्तमच. दाद मिळाली नाही तर भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे जाता येतं, आणि कलम ३५०नुसार तिथली तक्रार मराठीतही लिहिता येते.