वासरं स्वस्त आहेत, घेऊन टाका

सीमेपलीकडे वासरं निम्म्या भावात मिळतात ही बातमी तुमच्या कानावर आली असेल, तर अभिनंदन. तुमच्या आधी ती दोन्ही बाजूंच्या दलालांच्या, ट्रकवाल्यांच्या आणि त्यांच्या मेव्हण्यांच्या कानावर गेलेली आहे, पण त्यामुळे खचून जाऊ नका. धंद्यात उशिरा येणाऱ्यांचीही गरज असते. आधी आलेल्यांना माल खपवायला कुणीतरी लागतंच.

एक पथ्य मात्र कडक पाळा. वासरू तिकडे स्वस्त का आहे, हे चुकूनही विचारू नका. विचारलंत तर कुणीतरी खरं सांगेल. गाय दुधासाठी विते, वासरू त्या व्यवहारात आपोआप येतं. कालवड असेल तर तिला गोठ्यात जागा मिळते. दुधाळ जातीचा गोऱ्हा मात्र दूध देणार नाही आणि मांसाच्या जातीच्या खोंडासारखा अंगानेही भरणार नाही. आयर्लंडसारख्या देशात गवताचा हंगाम साधण्यासाठी बहुतेक गाई वसंताच्या तोंडावर एकदमच वितात, मग दोन-तीन महिने गोऱ्ह्यांचा पूर येतो आणि ते समुद्रापलीकडे नेदरलँड्समधल्या वासरं पोसणाऱ्यांकडे रवाना होतात. थोडक्यात, जे वासरू त्याच्या मालकाला दारात परवडत नाही, ते दोन देश ओलांडून तुम्हाला परवडणार आहे. असा आत्मविश्वास हेच तुमचं खरं भांडवल.

आता खरेदी. वासरं शक्यतो फोटोवर पसंत करा. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ असं म्हणणाऱ्यांच्या काळात मोबाइल नव्हता. समक्ष गेलातच तर लांबून बघा आणि ‘छान आहेत’ म्हणा. खाली वाकून नाळ सुकली आहे का, डोळे आत गेलेत का, शेपटीखालची केसं चिकटलेली आहेत का, असलं काही पाहू लागलात तर विकणाऱ्याला वाईट वाटेल. चिकाबद्दल तर अवाक्षर काढू नका. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळालेलं वासरू आजाराला तोंड देतं. एक दिवस उलटला की चिकातली प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात जायची थांबतात. मग बादलीभर पाजला तरी तो नुसता खुराक. जो गोऱ्हा दोन आठवड्यांत विकायचाच आहे, त्याला पहाटे तीन वाजता उठून चीक कोण पाजतो, हा प्रश्न तुम्ही मनातच ठेवावा.

एखादी देखणी कालवड फारच स्वस्तात दिसली तर लगेच पैसे मोजा. ती जुळ्यातली आहे आणि जोडीला गोऱ्हा होता, एवढी बारीक गोष्ट सांगायला विकणारा विसरला असेल. अशा शंभरातल्या नव्वदहून जास्त कालवडी जन्मतःच वांझ असतात. त्यात तिचा दोष नाही, आणि विकणाऱ्याचाही नाही. त्याने कालवड म्हणून विकली, कालवडच दिली. तसंच सुदृढ दिसणारं एखादं वासरू आईच्या पोटात असतानाच बीव्हीडी या विषाणूजन्य आजाराची लागण होऊन जन्मलेलं असू शकतं. ते जन्मभर विषाणू सोडत राहतं आणि स्वतः कधी कधी मजेत असतं. चाचणी करता येते, पण चाचणीला पैसे पडतात. तेवढ्यात आणखी एक वासरू आलं असतं ना!

वजन करून घ्यायची वेळ आली की तराजूकडे पाठ करून चहा घ्या. काट्यावर चढण्याआधी वासरांनी पोटभर पाणी का प्यालं, याची चौकशी करणं सभ्यपणाचं नाही. ते पाणी प्रवासात उतरेल, त्यासोबत वासराचं स्वतःचं वजनही थोडं उतरेल. किलोवर घेतलेला माल किलोवरच विकायचा असल्यामुळे ही तूट तुमच्या खिशातून जाईल, पण वाटेत सांडलेलं कुणाला दिसत नाही, हा एक दिलासा.

मग प्रवास. वासराचं वय तुम्ही सांगाल तेच कागदावर लिहिलं जाईल अशी तुमची समजूत असेल, तर युरोपात जरा अडचण येईल. तिथे दहा दिवसांच्या आतलं वासरू १०० किलोमीटरपेक्षा लांब नेता येत नाही. आठ तासांहून मोठ्या प्रवासाला, सोबत आई नसेल तर, १४ दिवस पूर्ण लागतात. दूधपितं वासरू नऊ तास प्रवास, मध्ये किमान एक तास थांबा, पुन्हा नऊ तास, आणि मग २४ तास खाली उतरवून विश्रांती, असा हिशेब आहे. आयर्लंडहून फ्रान्सला जाणारं जहाजच सतरा-अठरा तास घेतं. त्या गणितात वासराला दूध कधी पाजायचं, यावर बरीच वर्षं वाद चालू आहेत. तुम्ही वादात पडू नका. वासरं तक्रार करत नाहीत. ती फक्त उतरल्यावर दोन-चार दिवसांनी मान टाकतात, नाकातून शेंबूड गळतो, धाप लागते. इंग्रजी मुलखात याला ‘शिपिंग फीवर’ म्हणतात. तुमच्या गोठ्यात आल्यावर झालेला असल्यामुळे तो ‘तुमच्याकडचा’ आजार ठरतो. दलालाला फोन केलात तर तोही हेच सांगेल.

विश्रांतीच्या जागेचाही बाऊ करू नका. २००१ साली आयर्लंडची वासरं नेदरलँड्सला जाताना फ्रान्समधल्या मायेन भागात नियमाप्रमाणे विसाव्याला उतरवली होती. शेजारी ब्रिटनहून आलेल्या मेंढ्या होत्या, आणि मेंढ्यांसोबत लाळ्या-खुरकुताचा विषाणू. वासरं पुढे पोचली, रोगही पोचला, आणि नेदरलँड्समध्ये अडीच लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. कागदपत्रं मात्र सगळी व्यवस्थित असणार. म्हणून कागद सांभाळा, आणि नवी वासरं तीन-चार आठवडे वेगळी ठेवण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना सांगा की वेगळा गोठा बांधायला वासरं विकल्यावरच पैसे येणार आहेत.

सीमा रोजच्या रोज उघडी असते असं धरून चाला. २० मे २००३ रोजी कॅनडात एका गाईला, फक्त एका गाईला, बीएसई, म्हणजे ‘मॅड काऊ’ रोग, असल्याचं जाहीर झालं आणि त्याच दिवशी अमेरिकेने जिवंत गुरांना दार लावून घेतलं. ते ३० महिन्यांखालच्या जनावरांपुरतं उघडायला जुलै २००५ उजाडला. तोवर विक्रीला नेमलेली कॅनडातली जनावरं दोन वर्षं खात होती. मेक्सिकोचं उदाहरण आणखी मनोरंजक आहे. एरवी वर्षाला दहा लाखांहून जास्त वासरं आणि खोंडं तिथून अमेरिकेत जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जखमेत अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी दक्षिण मेक्सिकोत सापडली, सीमा बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू, ११ मे रोजी पुन्हा बंद. ७ जुलैला ॲरिझोनातलं डग्लस हे एक नाकं उघडलं, तेव्हा तुमच्यासारख्या चपळ माणसाने ट्रक भरायला घेतले असतील. ९ जुलैला तेही बंद झालं. माशीला पासपोर्ट लागत नाही. नवजात वासराची ओली नाळ तिला पुरते. ब्रिटनने तर २०२४ मध्ये पोसण्यासाठी किंवा कत्तलीसाठी जिवंत गुरं बाहेर पाठवायलाच कायद्याने बंदी केली. तेव्हा सीमा बंद होण्याची शक्यता धरून पैसे बाजूला ठेवणं हे भित्र्या माणसाचं काम. तुम्ही ते पैसे आणखी वासरांत घाला.

आणि आता शेवटचा, म्हणजे सगळ्यात किरकोळ प्रश्न: विकायची कुणाला?

हा विचार खरेदीनंतरच करावा. बाजारात तुरी असताना घरात भांडण कशाला? वासरं दावणीला आली की गिऱ्हाईक आपोआप वास काढत येईल. आलंच तर ते विचारेल, एका जातीची, एका वयाची, एका वजनाची, एकाच वेळी लस दिलेली किती आहेत? मोठा पोसणारा ट्रकाच्या हिशेबात बोलतो. शिकागोच्या वायदेबाजारात अशा जनावरांचा एक सौदाच ५०,००० पौंडांचा, म्हणजे साधारण २२,७०० किलोंचा असतो. तुमच्याकडे तीन जातींची, पाच वयांची आणि सात गोठ्यांतून गोळा केलेली वासरं आहेत. त्याला विविधता म्हणा. तो ‘खिचडी माल’ म्हणेल आणि किलोमागे तेवढं कापेल.

भाव पडेल वाटला तर थांबा. थांबल्याने वासरू वाढतं, ही फार उत्साहाची गोष्ट आहे. वजन वाढलं की किलोचा भाव उतरतो, ही त्याच बाजाराची दुसरी बाजू. पोसणारा हलकं वासरू चढ्या भावाने घेतो, कारण त्याला आपल्या गोठ्यात वजन वाढवून कमवायचं असतं. तुम्ही ते वाढवून दिलंत तर तुमच्या चाऱ्याचे पैसे तो का मोजेल? शिवाय तुम्ही थांबता तेव्हा वासरू थांबत नाही. ते सकाळी खातं, संध्याकाळी खातं. दुधाच्या भुकटीचं पोतं, चारा, पेंड, डॉक्टर, यांपैकी कुणालाही भाव सुधारण्याची वाट पाहायची हौस नसते. दरम्यान चलनाचा दर थोडा इकडचा तिकडे झाला, तर सीमेपलीकडचा फायदा दुसऱ्याच कुणाला तरी वासराकडे न बघताच मिळून जातो.

भाव चढलेले असतील तर उशीर करू नका. १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत ८.६७ कोटी गुरं होती, १९५१ नंतरची सगळ्यात कमी. भाव अर्थातच आभाळाला. आज कालवड राखून ठेवली तर ती वितेपर्यंत दोन वर्षं, आणि तिचं वासरू बाजारात येईपर्यंत त्यावर आणखी महिने. एवढ्या अवधीत भाव तसाच राहील, आणि हे गणित फक्त तुम्हालाच सुचलं असेल, यावर श्रद्धा हवी. सगळ्यांनी कालवडी राखल्या की बाजार कसा पडतो हे विचारायला जुन्या माणसांकडे जाऊ नका. ती कुजकट बोलतात.

राहता राहिला हिशेब. वहीत दोनच आकडे लिहायचे, घेतल्याचा आणि विकल्याचा. मेलेली वासरं लिहायची नाहीत, ती विकलीच गेली नाहीत. भाडं, चारा, व्याज, सीमेवर अडकलेल्या ट्रकचं थांबणं, रात्री हगवणीच्या वासरांना मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलेली तुमची बायको, हे सगळं ‘घरातलंच’ म्हणून सोडून द्या. उरेल त्याला नफा म्हणा, खाली सही करा आणि तीच वही घेऊन बँकेत जा. तिथला साहेब दोन्ही आकडे नीट बघेल, मान हलवेल, आणि पुढच्या खेपेला आणखी पन्नास वासरं घेता येतील इतकं कर्ज मंजूर करेल.