‘दहा मिनिटांचं काम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या मॉझर रायफलवर वीव्हरची जुनी दुर्बीण बसवण्याबद्दल मी मागे लिहिलं, त्यावर ‘अचूक नेम’ या टोपणनावाने सांगलीच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणू नये म्हणून ती आधी पूर्ण देतो. (नवख्यांसाठी : बोअर म्हणजे बॅरलचं आतलं भोक, टरेट म्हणजे दुर्बिणीवरची नेम हलवायची चकती, शिम म्हणजे फट भरायचा पातळ पत्रा, रिंगा म्हणजे दुर्बीण धरणारी कडी, आणि लॅप करणं म्हणजे ती आतून घासून सरळ रेषेत आणणं.)

“लेख विनाकारण ताणला आहे. बोअरमध्ये लेझर घाला, टरेट फिरवा, दहा मिनिटांचं काम. शिम वगैरे हौशी लोकांचे उद्योग. मागे शिम घालून रिंगा लॅप केल्या नाहीत तर दुर्बिणीची नळी ताणाखाली येते, त्याचा उल्लेखसुद्धा नाही. फोटोत काही दिसत नाही. त्यापेक्षा नवी दुर्बीण घ्या, पावसाळ्यात आतून धुकं तरी धरणार नाही. आजोबांच्या रायफलला भोकं पाडून तिची किंमत घालवलीत ते वेगळंच.”

साहेब, आपण वेळ काढून वाचलंत, आभार. फोटो खराब आहेत हे मान्य. ट्यूबलाइटच्या उजेडात, एका हाताने मोबाइल धरून काढले की असेच येतात. पुढच्या वेळी लेकीला सांगेन.

आता ‘हौशी’. माझी उभी हयात मिरज एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये गेली. जिग आणि फिक्स्चर. एक शतांश मिलिमीटरवरून तिथे सकाळी भांडण सुरू व्हायचं आणि डायल लावेपर्यंत मिटायचं नाही. त्याआधी विलिंग्डनला असताना एनसीसीत पॉइंट टू-टू हाताळली, तीही उस्तादांच्या शिव्या खात. रायफल आजोबांची, परवाना रीतसर माझ्या नावावर, आणि स्क्रू घट्ट करण्यापलीकडचं जे काही झालं ते परवानाधारक गनस्मिथच्या टेबलावर, मी शेजारी स्टुलावर बसलेला असताना झालं. हे सगळं सांगायची हौस नव्हती. आपण सांगायला लावलंत.

मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘लेझर घाला, टरेट फिरवा, दहा मिनिटांचं काम.’ हे वाक्य लिहायला मात्र दहा सेकंदही लागले नसतील.

आजच्या दुर्बिणीत टरेट फिरवला की आतली भिंगांची नळी क्रॉसहेअरसकट, म्हणजे नेमाच्या तारांच्या फुलीसकट, हलते. त्यामुळे कितीही क्लिक द्या, तारा डोळ्याला गोलाच्या मध्यभागीच दिसतात. माझी वीव्हर के-फोर सुरुवातीच्या पिढीतली आहे, एक इंची स्टीलच्या नळीची. विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये दुर्बिणी बनवायला सुरुवात केली, आणि त्या काळापासून पुढे बरीच वर्षं बहुतेक दुर्बिणींत टरेट फिरवला की तारच सरकायची. चित्र जागेवर, फुली चालली कोपऱ्यात. आपण सांगता तसं लेझरच्या ठिपक्यावर टरेटने फुली नेऊन ठेवली, तर ठिपक्यावर ती बसेल यात शंका नाही. पण बसेल खाली डावीकडे, गोलाच्या कडेजवळ, जिथे भिंगाची प्रतिमा सगळ्यात वाईट असते. शिवाय त्या बाजूला टरेटचा फेरा संपत आलेला. दुसरं काडतूस वापरायचं झालं आणि नेम थोडा हलवायचा झाला, तर जागा कुठून आणणार?

म्हणून त्या काळी माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलवर बसवायचा बेस आणि रिंगा, बनवणाऱ्यांनी सुधारणा माउंटमध्येच ठेवली होती. रेडफील्ड पद्धतीच्या माउंटमध्ये पुढची रिंग डव्हटेलमध्ये, म्हणजे बेसमधल्या तिरप्या कडांच्या खाचेत, फिरते आणि मागची रिंग समोरासमोरच्या दोन स्क्रूंमध्ये धरलेली असते. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा, की अख्खी दुर्बीण डावी-उजवी होते आणि तारा मधेच राहतात. ते दोन स्क्रू शोभेला दिले होते असं आपलं म्हणणं आहे का?

वर-खाली करायला मात्र त्या माउंटमध्ये स्क्रू नाही. तिथे शिम. रिंगांमध्ये साधारण १२५ मिमी अंतर धरा. मागे ०.१ मिमीची शिम घातली की १०० मीटरवर मार सुमारे ८ सेंटीमीटर वर जातो. आठवीचं गणित आहे, समरूप त्रिकोण. माझी रायफल खाली मारत होती, कारण मागचा पूल, म्हणजे रायफलच्या सांगाड्याचा बेसखालचा मागचा भाग, पूर्वी कुणी तरी घासून जरा जास्तच उतरवला होता. शिम न घालता स्क्रू आवळले असते तर बेसच खाली वाकला असता. म्हणजे आपण ज्या ताणाची काळजी करता, तो शिम काढल्याने आला असता!

क्रम तरी नीट वाचायचा होतात. आधी दुर्बीण रायफलपासून वेगळी, व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर. लांबच्या एका खुणेवर फुली धरून दुर्बीण खाचेतच स्वतःभोवती अर्धा फेरा फिरवायची, फुली जेवढी सरकली त्याच्या निम्मं टरेटने काढायचं, परत फिरवायची. फुली जागची हलेनाशी झाली की तारा मध्यात आल्या. त्यानंतर टरेटला हात लावायचा नाही. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट काढून ती पक्की बसवायची, मागून बॅरलमधून पाहून २५ मीटरवरचा काळा ठिपका बोअरच्या मध्यात घ्यायचा, आणि मग माउंटचे स्क्रू आणि शिम वापरून फुली त्याच ठिपक्यावर आणायची. शेवटची दोन-चार सेंटीमीटर टरेटने, रेंजवर, गोळी झाडून.

मिरजेत सतारीची जवारी काढताना पाहिलं आहे का कधी? घोडीच चुकली असेल तर खुंट्या पिळून सूर लागत नाही.

आणि तुमच्या लेझरबद्दल. तो बोअरमध्ये घालून हळूहळू फिरवून पाहा. भिंतीवरचा ठिपका जागेवर राहिला तर ठीक. गोल काढू लागला तर तुमचं यंत्रच वाकडं आहे, आणि त्यावर बसवलेला नेमही. तुमच्या लेझरची ही परीक्षा तुम्ही घेतली आहे का, एवढंच सांगा. ‘दहा मिनिटांत’ हे जमत असेल तर मला शिकायला आवडेल. उपरोध नाही. बरं, थोडा आहे.

हाच सल्ला नव्या दुर्बिणीसाठी दिला असतात तर मी एक शब्द बोललो नसतो. तिथे तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण लेखाच्या मथळ्यातच ‘जुनी’ हा शब्द होता.

बाकीचं थोडक्यात. रिंगा लॅप करण्याबद्दल : बेस एकसंध आहे, रिंगा जुन्या आणि मुरलेल्या आहेत, नळीवर वळ नाही. यावर आणखी शब्द खर्च करत नाही. धुक्याबद्दल : या दुर्बिणीत धुकं अडवणारा नायट्रोजन भरलेला नाही हे मला माहीत आहे. मी साताऱ्यात राहतो, पावसाळा पुस्तकात वाचलेला नाही. जून ते सप्टेंबर ती सिलिका जेलच्या डब्यात असते, आणि रेंजही तेव्हा बंदच असते. शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मिटवला आहे, तेव्हा ओल्या रानात ती कुणाला न्यायची आहे? भोकांबद्दल : ती मी पाडलेली नाहीत. रायफल हातात आली तेव्हा होतीच, आणि मागची दोन किंचित डावीकडे गेलेली. त्यासाठीच तर ते दोन स्क्रू. हेही लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात.

‘नवी घ्या’ यावर काय बोलणार. नवी घेतली की लेख कसला? पावती चिकटवायची?

दुसऱ्या एका वाचकांनी, अतिशय सौम्य शब्दांत, शिमचा पत्रा कुठे मिळतो असं विचारलं आहे. बेअरिंग विकणाऱ्या दुकानात पितळी शिमचा रोल मागा, ०.०५ मिमीपासून मिळतो. बेसच्या मापाने कापायचा, स्क्रूची भोकं पंचने पाडायची, कडेची बर, म्हणजे कापताना उठलेली धार, कानशीने काढायची, आणि दोन पातळ थरांपेक्षा एकच जाड घ्यायचा. अगदीच अडलं तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, चाचणीपुरता तो चालतो. ‘अचूक नेम’ यांनी ही शेवटची ओळ वाचू नये.