खरबरीतच हवंय

काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या पल्सरच्या डाव्या साइड पॅनलवर अंगठा उमटवला. रंग ओला होता. ओला आहे हे मी त्यांना सांगितलंही होतं. म्हणूनच त्यांनी खात्री करून घेतली.

पॅनलवर चरे पडले होते आणि पेंटरने सांगितलेला आकडा ऐकून मी टेक्स्चर स्प्रेचा डबा आणला. पिकअप ट्रकच्या हौद्याला मारतात त्या जातीचा, वाळला की दाणेदार होणारा. चरे लपतात हा त्याचा खरा गुण. 'रफ लुक' वगैरे मित्रांना सांगायचं. पावसाळी दमट हवेत स्प्रेचा रंग पांढरट पडतो म्हणून दिवाळी उलटेपर्यंत थांबलो. टाकीला हात लावला नाही, कारण असल्या रंगावर पेट्रोलचा ओघळ आला की तो मऊ पडून सुटतो, आणि शेवटचे थेंब टाकीवर सांडल्याशिवाय नोझल उचलायचंच नाही अशी आपल्याकडच्या पंपांवर शपथ घेतलेली असते.

तर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, प्रायमर मारून पॅनल पार्किंगमध्ये वर्तमानपत्रावर मांडलं होतं. डब्यातल्या गोळीचा खडखडाट ऐकून काका हात मागे बांधून खाली आले.

"देवी आल्यात का गाडीला?"

"टेक्स्चर आहे, काका."

"रंग फाटलाय. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला तुझ्या."

"तो असाच असतो. खरबरीत."

"मग आता वरून गुळगुळीत करणार?"

"नाही, खरबरीतच हवंय."

"कुणाला?"

याला काय उत्तर द्यायचं? मी डबा हलवत राहिलो.

"यात धूळ बसणार. फडकं मारायला गेलास की फडकंच अडकणार." हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. "आणि आरसीवर रंग कुठला आहे?"

याची मात्र माझी तयारी होती. १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम ५२: आरसीवरच्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असे फेरफार करायचे नाहीत. "काळा आहे काका. आणि हाही काळाच."

काका वाकून बराच वेळ बघत राहिले. "हा वेगळा काळा आहे," ते म्हणाले. "किती घेतले?"

"घरीच केलं."

"अरेरे. म्हणजे भांडायचं कुणाशी?"

आणि अंगठा टेकला. नुसता टेकला नाही, चांगला दाबला. मग तो नाकाशी नेऊन हुंगला आणि "ओला आहे," असं मलाच सांगितलं.

टेक्स्चरमध्ये तेवढाच डाग भरून काढता येत नाही. डबा जरा जवळ धरला की रंग ओला बसतो आणि दाणे विरतात, लांब धरला की कोरडे पडतात; ठिगळ दिसतंच. म्हणजे आता अख्खं पॅनल पुन्हा घासायचं.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'पार्किंगमध्ये ज्वलनशील पदार्थांची कामे करू नयेत.' खाली काकांचा पहिला अंगठा. तोही अंगठाच! याच पार्किंगमध्ये मुंजीला आचाऱ्याने शेगड्या पेटवून जिलब्या तळल्या, तेव्हा ज्वलनशील काही नव्हतं, कारण जिलब्या गरम मिळत होत्या. वरच्या मजल्यावर सबंध उन्हाळा फरशी कापत होते, आमच्या गाड्यांवर बोटभर पांढरी धूळ. तेव्हा ग्रुप सुप्रभात पाठवत होता. काकांच्या स्कूटरच्या सीटवर अजून कंपनीचं प्लॅस्टिक आहे, उन्हाने पिवळं पडून तडकलेलं. मी कधी विचारलं, की हे कुणाला हवंय? एका माणसाने आपल्याच गाडीला, स्वतःच्या पैशाने, रविवारी तासभर रंग मारला तर मात्र कायदा, आरोग्य आणि अग्निशमन एकदम जागं होतं. चिडचिड होते हो.

आज सकाळी बेल वाजली. काका. अंगठा काळा.

"नोव्हेंबर आहे. पेन्शनला हयातीचा दाखला द्यायचाय, आणि मशीन अंगठा घेईना. तुझ्या त्या रंगामुळे."

तुझ्या त्या रंगामुळे! मी काही बोललो नाही. थिनरची बाटली दिली, नवीन, सीलही न फोडलेली. चिंधीसुद्धा दिली.

बाटली अजून परत आलेली नाही. दुपारी वर बघितलं तर काका गॅलरीत उभे, आणि त्यांच्या ग्रिलवरचे कित्येक वर्षांचे ऑइलपेंटचे डाग गायब.